पाखऱ्याची पिढी

नायगाव ते धर्माबाद या पट्ट्यात कुठंही घोडी अडली, तर पहिला निरोप पार्वतीबाईला जातो आणि दुसरा सरकारी डॉक्टरला. डॉक्टर आधी पोचला तरी घोडीचा मालक त्याला चहा पाजून बसवून ठेवतो. पार्वतीबाई येते, पदर खोचते, कोपरापर्यंत गोडेतेल चोळते आणि घोडीच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटते. लोकांना वाटतं, मंतर म्हणते. एका तरुण डॉक्टरनं न राहवून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मंतर कशाचा सायेब? तिच्या मायचं नाव घेते. मायचं नाव ऐकलं की बाईला धीर येतो, तसंच हाय हे."

खरी गोष्ट अशी, की त्या मायचं नाव तिला ठाऊक असतं. साठी उलटलेली ही बाई सहीपुरतं लिहिते, पण तीन तालुक्यांतल्या घोड्यांच्या पिढ्या तिला तोंडपाठ आहेत. कुठल्या घोडीला कुठला घोडा दाखवला, शिंगरू कुणाच्या दावणीला गेलं, खोगिराला चाललं की कोळप्याला, सगळं. सोयरिकी जुळवणाऱ्या बाया जशा नात्यांचे धागे धरून बसतात, तशी ही घोड्यांचे धरून बसलेली असते. यात्रेत गिऱ्हाईक घोडा बघतं, मालकाशी गोड बोलतं, आणि मग हळूच तिच्याकडं येऊन विचारतं, "बाई, हा खरा कुणाचा?"

फक्त एका पागेपाशी ती थांबते. किशनरावाचा घोडा असला, की ती बापाचं नाव सांगते आणि गप्प होते. "आणि आजा?" असं कुणी विचारलंच, तर सुपारी कातरत म्हणते, "ते त्यालाच इचारा. मलाबी त्याच्याच तोंडून ऐकायचं हाय."

बावीस वर्षं ती तेवढं एक नाव ऐकायची वाट बघत होती.

बावीस वर्षांपूर्वी तिचा नवरा ज्ञानोबा किशनरावाकडं मोतद्दार होता. घोड्यांचा खरारा, चंदी, पाणी, खुरं, दुखणं, सगळं त्याच्या हाती. किशनराव म्हणजे शंभर एकराचा धनी. त्यानं राजस्थानातून एक घोडा आणला होता, बादशाह नावाचा. काळाभोर, चारी पाय पांढरे, कानांची टोकं वर जाऊन एकमेकांना टेकलेली. त्याचा फोटो बैठकीत लावला होता, आणि फोटोला हार नव्हता एवढंच.

ज्ञानोबाचा स्वतःचाही एक घोडा होता. पाखऱ्या. गावठी, तांबड्या रंगाचा, उंचीनं बेताचा, छातीनं रुंद. सकाळी कपाशीत कोळपं ओढायचा तो. पिकाच्या दोन तासांमधून, म्हणजे ओळींमधून, असा चालायचा की एका झाडाचं पान दुमडायचं नाही, आणि तास संपला की न सांगता वळायचा. मंगळवारी बाजाराला जायला त्याच घोड्यावर खोगीर पडायचं. त्याची चाल रवाल होती. रवाल म्हणजे पाय भरभर पडतात, पण पाठ हलत नाही. वर बसलेल्याच्या हातातला चहा हिंदकळत नाही. पार्वतीबाईनं तान्ह्या आनंदराजला मांडीवर घेऊन त्याच्यावरून नायगावचा दवाखाना गाठला होता, आणि पोरगं सुई टोचल्यावरच जागं झालं होतं.

पाखऱ्यात एक खोट होती. डाव्या मानेवर, आयाळीच्या मुळाशी, उलट्या केसांचा लांबट भोवरा होता. घोडेवाले त्याला नागीण म्हणतात आणि फार भितात. नागिणीचा घोडा घर बुडवतो. म्हणूनच तो शिंगरू असताना ज्ञानोबाला जवळपास फुकट मिळाला. पार्वतीबाई तेव्हा हसून म्हणाली होती, "आपल्याकडं बुडायला हाय काय? येऊ दे नागिणीला."

तर बादशाह दिसायला राजा होता, पण त्याच्यापासून एकही घोडी फळेना. दोन वर्षं गेली. लोक मागून बोलायला लागले. एका भर दुपारी, गडीमाणसं जेवायला गेलेली असताना, किशनराव ज्ञानोबाच्या दारात आला. आयुष्यात पहिल्यांदा. बाज टाकली तरी बसला नाही.

"ज्ञानोबा, मोहिनी माजावर हाय. तुझा घोडा घेऊन ये. मागल्या दारानं."

"मालक, गावठी हाय तो. आन नागीण..."

"घोडीला कुठं कळतं?"

पार्वतीबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं प्रत्येक शब्द ऐकला. किशनरावानं तिच्याकडं एकदाही बघितलं नाही. भाकरी थापणाऱ्या बाईला कान असतात हे त्याच्या ध्यानात आलं नाही. ती त्याची पहिली चूक.

मोहिनी फळली. तीन महिन्यांनी खात्री पटली, तेव्हा किशनरावानं पारावर चार माणसं जमवली आणि गोष्ट सांगितली. ज्ञानोबाचा घोडा दावं तोडून मोहिनीच्या अंगावर गेला होता, वेळेवर अडवला म्हणून वाचली, नाहीतर बादशाहानं धरलेली घोडी त्यानं बाटवलीच असती. 'बाटवली' हा शब्द त्यानं ज्ञानोबाकडं बघून उच्चारला. मग नियम सांगितला. "इथून पुढं माझ्या शिवारात गावठी रक्ताचा अंडील घोडा राहणार न्हाई. खच्ची करायचा, न्हाईतर गाव सोडायचं."

पाखऱ्याला पागेच्या अंगणात पाडलं. तो दुसऱ्या कुणाच्या हातात शांत राहत नव्हता, म्हणून त्याचं डोकं धरायला ज्ञानोबालाच बसवलं. खच्ची करायचा चिमटा बाभळीचा होता, दोन फाळ्या एका टोकाला चामड्यानं आवळलेल्या. कापणारा माणूस घाईत होता. अकराव्या दिवशी पाखऱ्याचा जबडा बसला, मान ताठ झाली, आणि धनुर्वातानं तो गेला.

"समद्यांना सांगा की खरं काय ते," पार्वतीबाई म्हणाली होती.

"पुरावा घोडीच्या पोटात हाय," ज्ञानोबा म्हणाला. "मी तोंड उघडलं तर तो मोहिनीलाबी जित्ती ठेवणार न्हाई."

तो चिमटा त्यानं अंगणातून उचलून आणला होता. आढ्याला खोचून ठेवला आणि पुन्हा घोड्याला हात लावला नाही. आठ वर्षं वीटभट्टीवर गेली. मरताना तो काही बोलला नाही. पार्वतीबाईला ते बरंच वाटलं. बोलला असता तर सोडून दे म्हणाला असता, आणि मग तिला ते ऐकावं लागलं असतं.

मोहिनीला शिंगरू झालं, सुलतान. त्याच्या डाव्या मानेवर नागीण होती. किशनरावानं लोखंडाची कडी तापवली आणि तो भोवरा जाळून टाकला. जखम भरली, तिथं बिनकेसांचा गोल वण राहिला. कुणी विचारलं, तर म्हणाला, "आमच्या पागेची मोहोर हाय." मग ती मोहोर दिसावी म्हणून पुढच्या प्रत्येक शिंगराला त्याच जागी डाग द्यावा लागला, नागीण असो नसो. सुलतानाची चाल रवाल निघाली. त्याच्या मुलांची निघाली. चार जिल्ह्यांतले लोक मानेवरची मोहोर बघून घोडे न्यायला लागले. पार्वतीबाई बाजारात उभी राहून ते बघायची. आपल्या घोड्याचं रक्त, आणि वर त्याच्या खुन्याचा शिक्का.

घोड्यांची बाळंतपणं तिनं सासूकडून शिकली होती. पण धंदा म्हणून ती त्यात उतरली ज्ञानोबा गेल्यावर. पोटासाठी उतरली असं लोक मानतात. आनंदराज तोवर शिकत होता, तेव्हा पोटाचं खोटं नव्हतं. पण तिचं मन तिला ठाऊक होतं. शिंगरू जमिनीवर पडतं, तेव्हा त्याची मान सगळ्यात आधी कुणाला दिसते?

पाच वर्षांपूर्वी तो दिवस आला. किशनरावाच्या पागेत सुलतानापासून गाभण असलेली एक घोडी अडली. डॉक्टर नांदेडला गेलेला. नाइलाजानं माणूस पार्वतीबाईकडं आला. ती गेली. शिंगरू उलटं होतं. हात आत घालून ते फिरवताना तिच्या मनात एकदाच आलं, की बोटं जरा सैल सोडली तरी चालतील, कुणाला कळणार नाही. मग तिनं बोटं घट्ट केली. कैरी पाडून कुणाची तहान भागते? आंबा पिकू द्यावा.

शिंगरू बाहेर आलं. तिनं पेंढ्यानं मान पुसली आणि बोट थांबलं. नागीण. वर बघितलं तर दारात किशनराव उभा. दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"बाई, तुमचं काम झालं," तो म्हणाला.

"माझं? न्हाई मालक. माझं तर आत्ता सुरू झालं."

त्या शिंगराचं नाव कोहिनूर ठेवलं.

यंदा मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेत कोहिनूर विकायला येणार, ही बातमी तिला दिवाळीतच लागली. गिऱ्हाईक होते उदगीरचे महादेवप्पा. घरचा किराण्याचा मोठा व्यापार, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि घोडा हे एकच व्यसन. या म्हाताऱ्याची एक जुनी रीत होती. कागद बघायचे नाहीत. घोडा विकणाऱ्यानं त्याच्या आयाळीवर उजवा हात ठेवून तीन पिढ्या मोठ्यानं सांगायच्या, चार माणसांसमोर. आता चार माणसं मोबाइल धरून उभी राहतात, एवढाच फरक. आयाळीवर हात ठेवून खोटं बोललेला घोडेवाला पुन्हा बाजारात उभा राहत नाही, आणि एकदा सांगितलेली पिढी मग कायमची खरी होते.

म्हणजे किशनराव हात ठेवून म्हणणार, "कोहिनूर, बाप सुलतान, आजा बादशाह." घोडा उदगीरला जाणार. पाखऱ्या झालाच नव्हता असं होणार.

आनंदराज धर्माबादला बँकेत आहे. त्यानं रजा काढली, पण आईला थांबवायला. "आई, तुझ्याकडं पुरावा काय? तो डाग? लोक म्हणतील मोहोर हाय."

"मी भर बाजारात वरडून सांगीन."

"सांग. दोन दिवस लोकांच्या मोबाइलवर फिरशील. तिसऱ्या दिवशी म्हणतील, म्हातारीचं डोकं फिरलंय."

"तू बँकेत जाऊन लई शाना झालास बघ."

तिनं पिशवी भरली. सुपारीचा डबा, तेलाची बाटली, सुती दोरी. आणि आढ्यातला चिमटा. आनंदराजनं तो बघितला. तिच्या मनात काय आहे ते त्याला लहानपणापासून माहीत होतं. गावठी रक्ताचा अंडील ठेवायचा नाही, हा किशनरावाचा नियम. तो नियम त्याच्याच घोड्यावर उलटलेला तिला बघायचा होता. त्याच्याच हातानं.

यात्रेत तिला देवळाकडं जायचं नसतं. ती थेट घोड्यांच्या बाजारात जाते आणि लिंबाच्या एका झाडाखाली बसते. समोरच किशनरावाचा तंबू होता. कोहिनूर पांढऱ्या दोरावर उभा, अंगावरून माशी घसरावी असा. आणि त्याच्या शेजारी चांदणी नावाची घोडी, कोहिनूरपासून गाभण, दिवस भरत आलेली. पोट खाली उतरलेलं, सडांवर चीक जमलेला. अशा अवस्थेतल्या घोडीला कुणी साठ किलोमीटर टेम्पोतून आणत नाही. पण बादशाहाच्या वेळची लोकांची कुजबुज किशनरावाच्या डोक्यातून गेली नव्हती. आपला घोडा फळतो, हे त्याला दाखवायचं होतं. ती त्याची दुसरी चूक.

"आठ दिवस न्हाई काढायची ही," पार्वतीबाई घोडीकडं बघून म्हणाली. "चार बी न्हाई."

सोमवारी सौदा ठरला होता. सोमवारीच सूर्य उगवताना किशनराव झाडाखाली आला. पागोटं नाही, पायात चप्पल नाही. केस पार पांढरे झालेले.

"पार्वतीबाई, चांदणी अडली. एकच पाय बाहेर हाय. डॉक्टरची गाडी गर्दीत अडकून राहिली."

आनंदराजनं आईचं मनगट धरलं. "नको जाऊ. बघू दे त्याला."

"सोड. घोडीनं काय केलंय माझं?"

शिंगराचा एक पुढचा पाय आत दुमडलेला होता. तिनं ते हळूच मागं ढकललं, खुराला तळहाताची वाटी केली, पाय सरळ केला. चांदणीच्या कानात तिच्या आईचं नाव सांगितलं. तीन कळा, आणि शिंगरू पेंढ्यावर घसरलं. नर. तांबडा. तिनं नाक मोकळं केलं, छाती चोळली, आणि मग तिचा हात आपोआप डाव्या मानेकडं गेला. ओल्या केसांतसुद्धा ती तिथं होती, वेटोळं घालून.

तंबूबाहेर माणसं जमली होती. तिनं शिंगराचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याच्या मानेवर पदर पसरला.

किशनरावानं ते बघितलं. तो खाली वाकला. "बाई, हात काढ. माणसं येतील आत." मग गड्याकडं वळून हळूच, "कडी तापव."

"तापवा," पार्वतीबाई मोठ्यानं म्हणाली. "ओल्या शिंगराला डाग देताना गिऱ्हाइकालाबी बघू द्या. या महादेवप्पा, आत या."

महादेवप्पा खरंच दारात उभे होते, हातात चहाचा पेला घेऊन. मागं आठदहा माणसं. त्यांनी शिंगरू बघितलं, बाईचा पदर बघितला, किशनरावाचा चेहरा बघितला. चाळीस वर्षं घोडे घेतलेला माणूस. इथं काहीतरी झाकलं जातंय, हे त्यांना कळायला वेळ लागला नाही.

"शुभशकुन झाला किशनराव. पाळणा हलला," ते म्हणाले. "चला, पिढी सांगा. सूर्य वर यायच्या आत सौदा करू."

"बाहेर मैदानात सांगतो की."

"इथंच सांगा. घोडा शेजारीच हाय. तंबूची कनात वर करा रे."

कनात वर गेली. ऊन आत आलं, मोबाइल वर झाले. किशनराव कोहिनूरपाशी गेला. उजवा हात आयाळीवर ठेवला. हाताखाली बरोबर तो गोल वण आला.

"कोहिनूर," तो म्हणाला. "बाप सुलतान."

"हं. आजा?"

पार्वतीबाईनं पदराचं टोक चिमटीत धरलं आणि बोटभर वर उचललं. तिच्याकडं फक्त किशनराव बघत होता. किशनरावाच्या डोक्यात काय हिशेब चालला असेल ते सांगायला नको. खोटं बोललं तर पदर उठणार, आयाळीवरचा हात खोटा ठरणार, आणि पुन्हा कोणत्याही बाजारात त्याचा घोडा कुणी घेणार नाही. खरं बोललं तर निदान पदर खाली राहील.

"आजा..." त्यानं पदराकडं बघितलं. "पाखऱ्या."

"कोण?" महादेवप्पांनी कानाला हात लावला. "मी बादशाह ऐकलं होतं."

"पाखऱ्या. गावातलाच होता एक."

"कुणाचा?" हे पार्वतीबाई बोलली.

किशनरावाचा हात आयाळीवरून सुटायला लागला.

"आयाळीवर हात हाय मालक. कुणाचा व्हता?"

"ज्ञानोबाचा. ज्ञानोबा सोनकांबळे."

"घोडीवर कुणी घातला?"

"...मी बोलावला होता."

"आन मग त्याचं काय केलं?"

किशनराव मागं सरकला. हात आयाळीवरून खाली आला. पार्वतीबाईनं पदराचं टोक सोडलं, पुन्हा नीट झाकलं. न बोलता दिलेला शब्द तिनं पाळला होता. शिंगरानं काही शब्द दिलेला नव्हता. ते धडपडलं, मागचे पाय फाकवून अर्धं उठलं, पडलं, पुन्हा उठलं, आणि पदर घसरून पेंढ्यावर गेला. उन्हात सगळ्यांना दिसली. डावी मान, आयाळीचं मूळ, उलट्या केसांची लांबट रेघ.

"नागीण!" कुणीतरी ओरडलं.

मग गर्दीतून हसू फुटलं. "म्हंजी मोहोरेखाली हे व्हतं व्हय!" "आन हेच म्हणायचे, गावठी अंडील घोडा शिवारात ठेवायचा न्हाई!" "माझ्या भावाचा घोडा खच्ची करायला लावला यानं," एक म्हातारा म्हणाला. तो मात्र हसत नव्हता.

पार्वतीबाईनं पिशवीत हात घातला. बाभळीचा चिमटा किशनरावाच्या पायाशी टाकला.

"वळखीचा हाय नं? नियम तुमचाच. घोडा गावठी रक्ताचा निघाला. अंडील हाय. घ्या."

किशनरावाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग काळा. तो वाकला आणि चिमटा खरोखरच उचलला. "हाव! माझाच नियम हाय. माझा घोडा हाय. आत्ता करतो खच्ची, तुमच्या समद्यांच्या समोर! पाडा रे त्याला! दोर आणा!"

दोन गडी पुढं झाले. कोहिनूरनं डोकं झटकलं आणि कान पुढं केले. बादशाहाच्या कानांची टोकं एकमेकांना टेकायची. याची टेकत नव्हती. लहान, सरळ, बाभळीच्या पानासारखे कान. कपाशीच्या तासाच्या शेवटी वळताना पाखऱ्याचे जसे व्हायचे, तसेच.

बावीस वर्षं पार्वतीबाईनं हा क्षण मनात घोळवला होता. त्यात किशनरावाचा चेहरा असायचा, चिमटा असायचा, गर्दी असायची. घोड्याचा चेहरा त्यात कधीच नव्हता.

"ठेवा खाली," ती म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. ती उठली. रक्तानं आणि तेलानं माखलेल्या हातानं तिनं तो चिमटा किशनरावाच्या हातातून ओढून घेतला.

"ठेवा म्हणलं नं. माझ्या घोड्याला हात लावायचा न्हाई."

"तुझा घोडा?"

"रक्त कुणाचं ते तुम्हीच सांगितलं आत्ता. आयाळीवर हात ठेवून."

गडी थांबले होते. किशनराव धापा टाकत होता. तो एकदम म्हातारा दिसायला लागला, आणि पार्वतीबाईला त्याची कणभरही कीव आली नाही. आपल्याला कीव येईल की काय, अशी तिला मधूनमधून धास्ती वाटायची. तीही गेली.

"ऐका," ती म्हणाली. "तुम्हाला हा घोडा खच्ची करून मोकळं व्हायचं हाय. म्हंजी विषय संपला. मी मोकळं करणार न्हाई. इथून पुढं तुमच्या पागेतलं जे शिंगरू विकाल, तुम्ही विका न्हाईतर तुमचा पोरगा विको, त्याची पिढी अशीच सांगायची. पाखऱ्या, आन ज्ञानोबा सोनकांबळ्याचा. या समद्यांच्या मोबाइलात हाय ते. बादशाह म्हणलात तर बाजार हसंल. तुमची भाकर आमच्या नावावर चालली, बावीस वर्षं गुपचूप. आता नाव घेऊन खावा."

महादेवप्पांनी उरलेला चहा ओतून दिला. "हौदु, बरोबर हाय बाईचं," ते म्हणाले. "किशनराव, बादशाहाची चाल मी पाहिली होती. नुसती दुडकी होती. बसणाऱ्याचे दात वाजायचे. त्याचा नातू रवाल कसा, हा प्रश्न मला गेली तीन वर्षं छळून राहिला. तेवढ्यासाठीच विचारलं."

"नागीण हाय त्याच्यावर," मागून कुणीतरी आठवण दिली.

"तीन पिढ्या होती की यांच्या दारात. पागा चौपट झाली," महादेवप्पा म्हणाले. "बुडायला आज लागले, तेबी नागिणीनं न्हाई." त्यांनी कोहिनूरचा दोर हातात घेतला. घोडा त्यांना हवाच होता. पण दोर घेताना त्यांनी किशनरावाला पिढी पुन्हा एकदा सांगायला लावली, पहिल्यापासून, कारण पहिल्या वेळी मागच्या लोकांना नीट ऐकू आलं नव्हतं.

किशनरावानं सांगितली. आवाज लहान होता, पण सगळे शब्द होते.

शिंगराला आचळ सापडलं होतं. पार्वतीबाईनं त्याच्या मानेवर तळहात ठेवला, भोवऱ्याच्या दिशेनं एकदा फिरवला. मग गड्याला म्हणाली, "ती कडी पाण्यात टाक. याला डाग द्यायचा न्हाई." गड्यानं मालकाकडं बघितलं नाही. कडी बादलीत टाकली. चर्र आवाज झाला.

दुपारी लोह्याच्या बसला उभे असताना आनंदराजनं आईच्या हातातली पिशवी घेतली. जड होती. त्यानं आत बघितलं.

"आई, हे कशाला परत घेतलंस? झालं की सगळं. फेकून दे आता."

"फेकते की," पार्वतीबाई म्हणाली. तिनं सुपारीचा डबा काढला, एक खांड तोंडात टाकलं. "पुढल्या यात्रेला त्या शिंगराची मान बघायला यायचं हाय. मान साफ, बिनडागाची निघाली तर तिथंच फेकते."

"आणि नाही निघाली तर?"

बस आली. पार्वतीबाईनं पिशवी त्याच्याकडून परत घेतली आणि पायरीवर पाय ठेवला.